पांच लांकडी वाद्यें आणि रॉकचें गाणें

एखाद्या बैठकींत व्हायोलिनवर ओळखीचें नाट्यपद सुरू झालें, कीं ऐकणाऱ्याच्या मनांत त्याचे शब्द आपोआप उमटूं लागतात. वादक एक अक्षरही उच्चारीत नाहीं. तरी ओळ संपण्यापूर्वींच श्रोता ती मनांतल्या मनांत गाऊन मोकळा झालेला असतो. लग्नाच्या वरातींत बँडवर वाजणाऱ्या चित्रपटगीतांचा सगळा खेळ याच एका गोष्टीवर चालतो. अमेरिकेंत याच जातीचा एक प्रकार बराच वाढीस लागला आहे. रॉक संगीतांतील सर्वतोमुखीं झालेलीं गाणीं तेथें "ब्लूग्रास" नांवाच्या ग्रामीण ढंगाच्या वाद्यमेळांत, विजेचें कोणतेंही साहाय्य न घेतां आणि पुष्कळदां एकही शब्द न गातां, वाजविलीं जातात. ज्या गाण्याचें अर्धें बळ विजेच्या गिटारींच्या गर्जनेंत आणि ड्रमच्या आघातांत असतें, त्याच्यापासून हीं दोन्ही काढून घेतलीं आणि वर शब्दही हिरावले, तर मागें उरतें तें काय? ज्यांनीं असलें वादन एकदांच, तेंही थट्टेनें ऐकलें असेल, त्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो क्षुल्लक नाहीं.

ब्लूग्रास हें मूळ एका गवताचें नांव. केंटकी राज्यांत तें विपुल, म्हणून त्या राज्यासच तें टोपणनांव पडलें. त्या राज्यांतील रोझीन या खेड्यांत जन्मलेल्या बिल मन्रो (१९११–१९९६) यानें आपल्या वाद्यमंडळीस "ब्लू ग्रास बॉइज" असें नांव दिलें, आणि त्यावरून पुढें सबंध संगीतप्रकारच त्या नांवानें ओळखला जाऊं लागला. हें संगीत डोंगरी मुलखांतील जुन्या व्हायोलिनच्या चालींवर पोसलें हें खरें. पण त्याला घरोघर पोंचविलें तें नभोवाणीनें. नॅशव्हिल येथील डब्ल्यूएसएम हें केंद्र १९२५ सालीं एका विमा कंपनीनें काढलें होतें. केंद्राच्या नांवांतील तीन अक्षरें हीं "आम्ही लक्षावधींचें रक्षण करतों" अशा अर्थाच्या त्या कंपनीच्या घोषवाक्याचीं आद्याक्षरें होत. विमा खपविण्यासाठीं लोकांस गाणें ऐकवावें, ही कल्पना त्या व्यवहारचतुर मंडळींस सुचली, हे संगीतावर उपकारच झाले! या केंद्राच्या "ग्रँड ओल ऑप्री" या शनिवार रात्रींच्या कार्यक्रमांत मन्रो १९३९ च्या ऑक्टोबरांत दाखल झाला. त्या काळीं सगळी मंडळी बहुधा एकाच ध्वनिग्राहकाभोंवतीं उभी राहात. ज्याची पाळी येई तो पुढें सरके, आपला तुकडा वाजवी आणि मागें होऊन दुसऱ्यास वाट देई. एकाच चालीवर प्रत्येक वाद्यानें आळीपाळीनें आपला हात दाखवावयाचा, ही ब्लूग्रासची रीत अशी अडचणीच्या जागेंतून अधिकच पक्की झाली.

या मंडळींत १९४५ च्या डिसेंबरांत अर्ल स्क्रग्ज नांवाचा एकवीस वर्षांचा तरुण बँजो घेऊन आला, आणि मेळ पुरा झाला. मन्रोचें मॅण्डोलिन, स्क्रग्जचा बँजो, लेस्टर फ्लॅटची गिटार, चबी वाइजचें फिडल म्हणजे व्हायोलिनच, आणि हॉवर्ड वॉट्सचा उभ्यानें वाजवावयाचा मोठा बास, अशीं हीं पांच वाद्यें. यांत ड्रम नाहीं, पेटी नाहीं, विजेची तार नाहीं.

येथें एका नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. महाराष्ट्रांत गणपतीच्या मिरवणुकींत ज्याला "बेंजो" म्हणतात, तें बटणें दाबून वाजवावयाचें बुलबुलतरंग होय. त्याचा अमेरिकन बँजोशीं नांवापलीकडे संबंध नाहीं. अमेरिकन बँजो म्हणजे गोल कड्यावर खंजिरीसारखें ताणलेलें कातडें (हल्लीं बहुधा प्लॅस्टिकचें), त्याला जोडलेली लांब दांडी आणि त्यावर पांच तारा. यांतील पांचवी तार आंखूड असते. तिची खुंटी दांडीच्या टोंकास नसून मध्येंच, पांचव्या पडद्यापाशीं असते. ती बोटांनीं दाबावयाची नसते, नुसती छेडावयाची असते. सतारीच्या चिकारीचें काम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तारेचें काम निराळें समजावून सांगावयास नको. हें वाद्य अमेरिकेंत आलें तें गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांबरोबर. आरंभीं त्याचें पोट भोपळ्याचें असे.

कातड्यावर घोडी ठेवलेल्या या वाद्याचा सूर खणखणीत निघतो, पण तितक्याच लवकर मरतो. रॉकच्या गाण्याची खरी अडचण येथेंच उभी राहते. गवई एखादा सूर चार मात्रा लांबवितो. विजेच्या गिटारीचा विकृत केलेला सूर तर वादकाच्या मर्जीप्रमाणें रेंगाळत राहतो. बँजोनें हें कसें करावें? स्क्रग्जनें या अडचणीवर जी तोड काढली, तिच्यावर हा सारा प्रकार उभा आहे. आंगठा, तर्जनी आणि मधलें बोट यांवर नख्या चढवून तो तारा एकामागून एक अशा छेडी, कीं एका आवर्तनांत आठ सूर सलग पडत. या आठांची वांटणी बहुतेक वेळां चार-चार अशी सरळ नसते; तीन, तीन आणि दोन अशी असते. यालाच रोल म्हणतात. चालींतील मुख्य सूर त्या आठांपैकीं एखाद्या-दुसऱ्या जागीं, आघातावर ठेवावयाचा, आणि उरलेल्या जागा आसपासच्या सुरांनीं व त्या आंखूड तारेच्या षड्जासारख्या अखंड नादानें भरून काढावयाच्या. गवयाचा एक लांब सूर अशा रीतीनें फुटून आठ ठिणग्या होतात. त्यांतील एकच त्या गाण्याची असते, बाकीच्या सात बँजोच्या असतात.

मग ऐकणाऱ्यास चाल ओळखूं कशी येते? ती येते, कारण त्याला ती आधींच पाठ असते. वादक आठांतून एक सूर दाखवितो आणि श्रोत्याची स्मृति त्या सुरांना जोडून ओळ पुरी करते; शब्दही तीच पुरविते. ओळखीचींच गाणीं कां निवडावीं लागतात, याचें उत्तर येथें आहे. तें केवळ बाजारी धोरण नव्हे. अपरिचित चाल रोलमध्यें इतकी बुडवून वाजविली, तर नवख्याला नुसती सुरांची सर ऐकूं येईल. उलट बीटल्सचें एखादें गाणें घेतलें, तर वादकानें अर्धे सूर गाळले तरी चालतें. श्रोता ते गाळूं देत नाहीं. विशेष असें, कीं ज्याला मूळ गाणें ठाऊक नाहीं त्याला तेंच वादन साधें नृत्यगीत वाटतें, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला तेथें एक अदृश्य गवई ऐकूं येतो. एकाच खोलींत बसलेले बाप आणि मुलगा अशा वेळीं दोन निराळ्या गोष्टी ऐकत असतात.

ड्रमची उणीव मॅण्डोलिन भरून काढतें. मॅण्डोलिनला तारांच्या चार जोड्या असून त्या व्हायोलिनप्रमाणेंच लावलेल्या असतात. दुसऱ्याची पाळी चालू असतां मॅण्डोलिनवाला तारांवर नखीचा झटका देतो आणि त्याच क्षणीं डाव्या बोटांची पकड सैल करून आवाज दाबून टाकतो. सूर असा निघत नाहींच. नुसता "चक्" असा कोरडा आघात होतो. बास पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर बोलतो आणि हा आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो. रॉकचा ड्रम वाजविणाराही आपला जोरकस टोला नेमका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरच देत असतो. म्हणजे रॉकचें गाणें या मेळांत आलें, तर त्याच्या पायाखालची जमीन बदलत नाहीं. फक्त दगडी फरशीच्या जागीं लांकडी तक्तपोशी येते.

लांब सुराची हौस अगदींच भागवावयाची असेल, तर सहावें वाद्य घेतात, तें डोब्रो. गिटारीच्या पोटांत धातूची तबकडी बसवून आवाज वाढविलेलें हें वाद्य आडवें धरून, तारांवर पोलादी कांब सरकवून वाजवितात. हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या तबकड्या ऐकलेल्या घरांत याचा सूर परका वाटणार नाहीं, कारण वाजविण्याची रीत तीच आहे. जॉश ग्रेव्ह्ज यानें १९५५ सालीं फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या मंडळींत हें वाद्य आणलें. पुढें डोब्रोचा नामांकित वादक जेरी डग्लस आणि मोहनवीणा वाजविणारे विश्वमोहन भट्ट यांनीं, बासवादक एडगर मायर यांच्यासह, १९९५ सालीं "बर्बन अँड रोझवॉटर" ही ध्वनिमुद्रिका काढली. दोन दूरच्या देशांतील वाद्यें एकाच हवाईयन घराण्यांतून निघालेलीं असल्यामुळें त्या दोघांना एकमेकांची भाषा समजावयास फारसा वेळ लागला नसावा.

पण वाद्यांच्या सोयीपेक्षांही खोल असें एक कारण आहे. डोंगरी मुलखांतील पुष्कळ जुन्या चालींत निषाद कोमल लागतो आणि बाकीचे सूर शुद्ध असतात. हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेंत खमाज थाटाचा सांचा. (राग खमाज नव्हे, नुसता सांचा.) रॉकच्या गाण्यांतही हा सांचा वारंवार भेटतो. बीटल्सच्या १९६५ सालच्या "नॉर्वेजियन वुड" या गाण्याचा मुख्य भाग याच सुरांत आहे, आणि त्यामुळें तें फिडलवर घेतलें कीं शंभर-दीडशें वर्षांपूर्वींची एखादी चाल असावी असा भास होतो. दुसरें साम्य गांधाराचें. कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कोठें तरी घसरणारा जो गांधार कृष्णवर्णीय गवयांच्या ब्लूज गाण्यांत असतो, तो दोन्हीकडे सारखाच शिरला आहे. मन्रो स्वतः सांगत असे, कीं तरुणपणीं आपण आर्नल्ड शुल्त्झ या कृष्णवर्णीय वादकाबरोबर नाचाच्या बैठकींत साथ केली आणि त्याच्यापासून पुष्कळ उचललें. उलट बाजूनें पाहावें, तर रॉक अँड रोलचा एक जनक चक बेरी यानें १९५५ सालीं गाजविलेलें "मेबलीन" हें गाणें "आयडा रेड" नांवाच्या जुन्या फिडलच्या चालीवरून घडलेलें. तेव्हां हीं दोन घराणीं परकीं नव्हेत. चुलत भावंडें आहेत, आणि भावंडांतल्यासारखीच त्यांची भांडणेंही झालीं.

पहिली देवघेव तर रॉककडूनच झाली. मन्रोनें १९४६ सालीं "ब्लू मून ऑफ केंटकी" हें आपलें गाणें तीन-तीन मात्रांच्या संथ चालींत ध्वनिमुद्रित केलें होतें. १९५४ सालीं एल्व्हिस प्रेस्ली या एकोणीस वर्षांच्या मुलानें तेंच गाणें चार मात्रांत घालून, वेग वाढवून, आपल्या पहिल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर म्हटलें. मन्रो हा मोठा मानी आणि तापट गृहस्थ; तो संतापेल असें कोणालाही वाटलें असतें. त्यानें काय केलें? त्याच वर्षीं त्यानें आपलेंच गाणें पुन्हां ध्वनिमुद्रित केलें. आरंभ जुन्या संथ चालींत ठेवला आणि मध्येंच लय मोडून तो प्रेस्लीच्या वेगवान् चालीवर उतरला. ब्लूग्रासच्या शुद्धतेचे जे कडवे अभिमानी आजही रॉकच्या नांवानें कान झांकतात, त्यांनीं संस्थापकाची ही तबकडी एकदां लावून पाहावी.

पुढें ब्लूग्रासवाल्यांनीं हात पुढें केला. जिम आणि जेसी मॅक्रेनल्ड्स या भावांनीं १९६५ सालीं चक बेरीच्या गाण्यांची सबंध ध्वनिमुद्रिका काढली. बॉस्टनकडील चार्ल्स रिव्हर व्हॅली बॉइज या मंडळींनीं १९६६ सालीं बीटल्सच्या गाण्यांची काढली. हीं मात्र शब्दांसह गायिलेलीं होतीं. सर्वांत मोठी किंमत मोजली ती फ्लॅट आणि स्क्रग्ज या जोडीनें. १९४८ सालीं मन्रोपासून वेगळे होऊन या दोघांनीं वीस वर्षें एकत्र नांव कमावलें. परंतु १९६७ नंतर त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत बॉब डिलनचीं गाणीं येऊं लागलीं. स्क्रग्जला आपल्या तरुण मुलांच्या संगतींत तें संगीत गोड वाटूं लागलें होतें. फ्लॅटला तीं गाणीं मुळींच रुचत नव्हतीं, आणि न रुचणारे शब्द त्यालाच तोंडानें म्हणावे लागत. बँजोवाल्याला शब्द म्हणावे लागत नाहींत, ही सोय येथें विसरतां येत नाहीं. १९६९ सालीं जोडी फुटली. फ्लॅटनें जुन्या वळणाची मंडळी उभारली; स्क्रग्जनें मुलांना घेऊन विजेच्या वाद्यांसह नवी. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत वॉशिंग्टन येथें व्हिएटनामच्या युद्धाविरुद्ध जो प्रचंड मेळावा भरला, त्यांत स्क्रग्ज बँजो घेऊन उभा होता. दोघांपैकीं अमुकच बरोबर होता असें म्हणतां येत नाहीं. फ्लॅटचा आक्षेप शब्दांना होता, आणि शब्द गाणाऱ्याच्या जिभेवर बसत नसतील तर गाणें खोटें होतें, हें त्याचें म्हणणें कोणत्याही गवयाला पटण्याजोगें आहे.

शब्दांवांचूनच्या वादनाला लोकांचा मोठा पाठिंबा मिळाला तो चित्रपटांमुळें. स्क्रग्जचें १९४९ सालचें "फॉगी माउंटन ब्रेकडाउन" हें निव्वळ वादन १९६७ सालच्या "बॉनी अँड क्लाइड" या चित्रपटांत पळापळीच्या प्रसंगीं वापरलें गेलें. नंतर १९७२ सालच्या "डिलिव्हरन्स" मधील "ड्युएलिंग बँजोज" हें बँजो-गिटारचें झुंजवजा वादन १९७३ सालीं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें. ही चाल मुळांत आर्थर स्मिथ या वादकाची. चित्रपटवाल्यांनीं त्याचें नांव गाळलें, म्हणून त्याला न्यायालयांत जावें लागलें, आणि तो जिंकला. या स्मिथनें मार्टिन हेर्ले या जर्मनींत जन्मलेल्या गृहस्थाबरोबर १९७५ सालीं लॉस एंजलिस येथें सीएमएच नांवाची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली, आणि तिनेंच पुढें १९९० नंतरच्या दशकांत "पिकिन् ऑन" ही माला सुरू केली. बीटल्स, ग्रेटफुल डेड, लेड झेपलिन, ईगल्स, हेंड्रिक्स, एकेका रॉक मंडळीच्या नांवानें एकेक ध्वनिमुद्रिका. आंत तींच गाणीं, पण बँजो, मॅण्डोलिन आणि फिडलवर, आरंभींच्या कित्येक ध्वनिमुद्रिकांत एकही शब्द न उच्चारतां.

हा व्यवसाय चालतो तो अमेरिकन कायद्याच्या एका कलमावर. तेथें १९०९ पासून असा नियम आहे, कीं गाणें एकदां रीतसर ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध झालें, म्हणजे दुसऱ्या कोणासही ठराविक मोबदला भरून तें नव्यानें ध्वनिमुद्रित करतां येतें. कर्त्याची वेगळी परवानगी लागत नाहीं. आपल्या शैलीस अनुरूप फेरफार करण्याचीही मुभा आहे, मात्र मूळ चाल व गाण्याचें स्वरूप मोडतां कामा नये. हा मोबदला आरंभीं दर प्रतीस दोन सेंट होता आणि १९७८ पर्यंत तेवढाच राहिला. कायदा इतका सोपा असल्यावर मालाचा पूर यावा, यांत नवल नाहीं. अशा ध्वनिमुद्रिकांच्या मुखपृष्ठावर ठळक नांव असतें तें मूळ रॉक मंडळीचें; ज्यांच्या बोटांनीं ती वाजविली, त्यांचीं नांवें शोधावीं लागतात.

आणि या पुरांत गाळही पुष्कळ आहे, हें सांगितलेंच पाहिजे. वाईट वादन ओळखण्याची खूण सोपी आहे: कोणतेंही गाणें असो, पहिल्या मात्रेपासून तीच घोडदौड. लेड झेपलिनचें १९७१ सालचें "स्टेअरवे टु हेवन" हें आठ मिनिटांचें गाणें एकट्या गिटारवर संथ सुरू होतें आणि आवाज व लय दोन्ही वाढवीत पायरी-पायरीनें चढतें. तें आरंभापासूनच भरधाव रोलमध्यें घातलें, तर जिना नाहींसा होतो आणि सपाट रस्ता उरतो. येथें वादकाला न वाजविण्याची कला यावी लागते. आधीं गिटार एकटी, मग फिडलचा लांब गज, आणि बँजो शेवटीं. याउलट त्याच मंडळीचें १९७५ सालचें "काश्मीर" पाहावें. (नांव काश्मीर असलें तरी त्याचे शब्द मोरोक्कोच्या प्रवासांत सुचले होते.) त्यांत गिटारचा तुकडा तीन-तीनांनीं पडतो आणि ड्रम चार-चारांनीं; दोघे पुढें जाऊन समेवर भेटतात. ज्या बँजोवाल्याच्या बोटांना तीन-तीन-दोनची वांटणी अंगवळणी पडलेली आहे, आणि ज्याच्या शेजारीं मॅण्डोलिनचा आघात सरळ चारांवर पडत आहे, त्याला हा हिशेब घरचाच. गडगडाट काढून टाकल्यावर ही लयीची गुंफण उलट अधिक स्पष्ट ऐकूं येते.

रेडिओहेड या इंग्रज मंडळीच्या २००० सालच्या "किड ए" या गाण्याचें उदाहरण सर्वांत कठीण. मूळ गाणें जवळजवळ सगळें विजेच्या यंत्रांवर रचलेलें. गवयाचा आवाजही यंत्रांतून इतका फिरविलेला, कीं शब्द कळणें अवघड. येथें श्रोत्याच्या स्मृतीला पुरविण्यासाठीं शब्द नाहींत, आणि गुणगुणण्याजोगी ठसठशीत चालही नाहीं. म्हणजे वर सांगितलेली सारी युक्ति निकामी. पंच ब्रदर्स या मंडळींनीं तें २०१२ सालीं आपल्या ध्वनिमुद्रिकेंत घेतलें, तेंही शब्दांवांचून. यंत्रांचे ते चमत्कारिक, पोकळ नाद त्यांनीं लांकूड, तार आणि गज यांतूनच काढले. बँजोचा सूर लवकर मरतो हा दोष तेथें उपयोगीं पडला, कारण यंत्राचे थेंब-थेंब पडणारे सूरही तसेच मरतात. क्रिस थीलीचें मॅण्डोलिन, गेब विचरचें फिडल, नोम पिकेल्नीचा बँजो, क्रिस एल्ड्रिजची गिटार आणि पॉल कोवर्टचा बास, एवढींच वाद्यें तेथें आहेत. १९४५ च्या डिसेंबरांत मन्रोच्या मंडळींत जीं पांच होतीं, तींच.